पुण्यात सरकारी विद्यापीठात शिकायचं तर खर्च किती, सवलत कुणाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलंत तर उत्तम, पण घाई असेल तर थेट तुमच्या प्रश्नावर जा. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता तिथे नुसता प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. पुण्यात एवढी विद्यापीठं आहेत. त्यातली सरकारी कोणती?

पाटीवर ‘विद्यापीठ’ लिहिलेलं असलं म्हणजे ते सरकारी असतंच असं नाही. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे राज्याचं सार्वजनिक विद्यापीठ. ते १९४९ साली स्थापन झालं, २०१४ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं, आणि पुणे, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं त्याला संलग्न आहेत. शिवाजीनगरचं सीओईपी १८५४ पासूनचं, २०२२ पासून ते स्वतंत्र सार्वजनिक तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचं संकुल आहे, तेही सार्वजनिक. बी. जे. मेडिकल हे शासकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं, तर शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली.

सिंबायोसिस, भारती विद्यापीठ ही अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आहेत आणि एमआयटी-डब्ल्यूपीयू हे खाजगी विद्यापीठ. ती चांगली की वाईट, हा इथला विषय नाही. राज्य सरकारच्या बहुतेक शुल्कसवलती तिथे लागू होत नाहीत, एवढं मात्र पक्कं. आणखी एक खाच अशी की एकाच संस्थेची काही कॉलेजं अभिमत विद्यापीठात असतात आणि काही पुणे विद्यापीठाला संलग्न. म्हणून संस्थेचं नाव न विचारता विचारा, ‘पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार?’

२. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत बी.कॉम.ची फी दोघांना वेगळी कशी?

कारण एक तुकडी अनुदानित असते आणि दुसरी विनाअनुदानित. अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे तिथली फी नाममात्र राहते. विनाअनुदानित तुकडीचा पगार विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. फर्ग्युसन, स. प., मॉडर्न अशा जुन्या कॉलेजांत पारंपरिक बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. बहुतांशी अनुदानित आहे. बीबीए, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक वगैरे नंतर आलेले अभ्यासक्रम सहसा विनाअनुदानित असतात, मग कॉलेज कितीही जुनं असो.

प्रवेश अर्जात हा फरक ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ असा किंवा इंग्रजीतल्या ‘ग्रँट’ आणि ‘नॉन-ग्रँट’ या शब्दांनी दाखवलेला असतो. घाईत दुसऱ्यावर टिक केली तर गुणवत्ता यादीत अनुदानितची जागा मिळत असूनही ती हातची जाते. अर्ज भरताना हा रकाना दोनदा वाचा.

३. फीच्या पावतीवर दहा-बारा रकाने असतात. माफी नेमकी कशावर मिळते?

पावतीतले मोठे भाग चार: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि अनामत. बाकी ग्रंथालय, जिमखाना, पात्रता शुल्क, ओळखपत्र, विमा अशा किरकोळ बाबी. सरकारी सवलत मुख्यतः शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर असते. विकास शुल्कावर बहुधा नसते. ‘फी माफ’ ऐकून गेलेल्या पालकांच्या हातात पैसे मागणारी चिठ्ठी येते, ती यामुळेच.

हिशेबाला सोपे पडावेत म्हणून आकडे धरू. अभियांत्रिकीची एका वर्षाची फी समजा अशी: शिक्षण शुल्क ९०,०००, विकास शुल्क ९,०००, परीक्षा ३,०००, अनामत ५,०००. एकूण १,०७,००० रुपये.

मुलींच्या संपूर्ण माफीत बसणारी विद्यार्थिनी (प्रश्न ४): विकास शुल्क आणि अनामत, म्हणजे १४,०००.
शिक्षण शुल्क माफीच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएस जागेवरचा विद्यार्थी (प्रश्न ५): १७,०००.
शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी सवलत मिळणारा मुलगा (प्रश्न ५): ६०,५००.

अनामत रक्कम कॉलेज सोडताना परत मिळते, पण मूळ पावती दाखवावी लागते. तीन-चार वर्षांनी पावती सापडत नाही म्हणून हजारो विद्यार्थी हे पैसे सोडून देतात. पावती जपून ठेवा आणि पहिल्याच दिवशी तिचा फोटोही काढा.

४. मुलींचं शिक्षण मोफत झालं ना? मग आमच्या मुलीला फी का भरायला सांगतात?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ही माफी लागू झाली, पण ती सरसकट नाही. तिच्यासाठी सगळ्या अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात:

- अभ्यासक्रम व्यावसायिक हवा: अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, विधी, व्यवस्थापन वगैरे.
- प्रवेश राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा.
- आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) किंवा ओबीसी यांपैकी एकात नाव आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत.
- खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नको (प्रश्न १).

साध्या बी.ए., बी.कॉम.ला प्रवेश घेतला असेल तर हा निर्णय लागू होत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी आधीपासूनच वेगळ्या योजना आहेत (प्रश्न ६).

सगळ्या अटी पूर्ण करूनही ‘आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ’ असं सांगितलं गेलं, तर ती मागणी लेखी मागा. लेखी मागितली की बऱ्याचदा सूर बदलतो. नाही बदलला तर तो कागद घेऊन तंत्रशिक्षण किंवा उच्चशिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयात जा.

५. मुलगा खुल्या प्रवर्गातला आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत. त्याला काहीच नाही का?

दोन गोष्टी आहेत. पहिली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न मर्यादा ८ लाख, व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मी सवलत, महाराष्ट्राचा अधिवास आवश्यक, आणि एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. जुळी मुलं आणि एक मोठी बहीण असली तर कुणाच्या नावाने अर्ज करायचा, हे आधी घरात ठरवा.

दुसरी टीएफडब्ल्यूएस. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा फक्त यासाठी असतात, उत्पन्न मर्यादा इथेही ८ लाख. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पण या जागेचा कट-ऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो आणि नंतर शाखा बदलता येत नाही. कॅपच्या पसंतीक्रमात तिचा सांकेतांक वेगळा असतो. तो वेगळा भरला नाही, तर कितीही गुण असोत, टीएफडब्ल्यूएससाठी तुमचा विचारच होत नाही.

गुण चांगले असतील तर केंद्राची शिष्यवृत्तीही बघा. बारावी बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही. इथे ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हे, तर बोर्डातल्या ८० टक्के विद्यार्थ्यांपेक्षा जास्त गुण.

६. एससी, एसटी, ओबीसी विद्यार्थ्यांनी कोणती योजना निवडायची?

अनुसूचित जातीसाठी उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फीसोबत निर्वाह भत्ताही येतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, पण निर्वाह भत्ता नाही. जमातीसाठीही अशाच जोडीच्या योजना आदिवासी विकास विभागाकडे आहेत. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास) यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या. अर्ज सगळ्यांचा महाडीबीटी पोर्टलवरच, फक्त विभाग बरोबर निवडायचा.

नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र) आहे म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागत नाही, असं समजू नका. नॉन-क्रिमिलेअर आरक्षणासाठी आणि उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी. दोन्ही काढा.

७. कोणते दाखले कधी काढून ठेवायचे?

शक्य असेल तर अकरावीतच. जून-जुलैत सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि तहसील कार्यालयाचं संकेतस्थळ मान टाकतं.

सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेसाठी ते लागतंच. त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातला जुना पुरावा शोधावा लागतो, आणि तो कोणत्या तारखेपूर्वीचा हवा हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, हे सगळ्यांत उपयोगी पुरावे. ते मूळ गावच्या शाळेत आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळतात, पुण्यात बसून नाही. दिवाळीला गावी जाल तेव्हा एक दिवस याला द्या.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर काढा, म्हणजे नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यात येईल. नॉन-क्रिमिलेअरची मुदत प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत पोचते का ते पाहा. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा आणि राज्याच्या नमुन्यात वेगळा असतो. राज्याच्या कॅपला राज्याचाच चालतो. जेईईसाठी काढलेला केंद्राचा दाखला इथे जोडून अर्ज बाद झाल्याची उदाहरणं दरवर्षी दिसतात.

आणि नावं. आधारवर ‘सुनिता’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनीता’, बँकेत आईचं माहेरचं आडनाव. हे संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतात. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि बाकी सगळं तिच्याबरहुकूम दुरुस्त करून घ्या.

८. अर्ज मंजूर दिसतो, पण पैसे खात्यात आले नाहीत. काय चुकलं?

दहातल्या आठ वेळा खातं आणि आधार यांची जोडणी. ‘बँकेत आधार दिलंय’ आणि ‘आधारशी खातं सीड झालंय’ या दोन वेगळ्या गोष्टी. सरकार खाते क्रमांक बघतच नाही. आधार क्रमांक ज्या बँकेशी शेवटचा जोडला गेला, तिथे पैसे जातात. मध्ये एखाद्या ॲपवर पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंगचा अर्ज द्या. दोन-चार दिवसांत बदल दिसतो. खातं व्यवहार नसल्यामुळे गोठलेलं नाही ना, हेही बघा. शाळेत असताना काढलेल्या खात्यांचं हे हमखास होतं.

बँक ठीक असेल तर अर्ज कुठे अडलाय ते पोर्टलवर दिसतं. तो आधी कॉलेजचा लिपिक, मग प्राचार्य आणि शेवटी विभाग असा सरकतो. लिपिकाच्या टेबलावर तीन आठवडे पडून असेल तर ऑनलाइन तक्रारीपेक्षा कार्यालयात जाऊन अर्ज क्रमांक सांगणं जास्त कामाला येतं. ‘परत पाठवला’ असं दिसलं तर कारण वाचून मुदतीत दुरुस्त करा. परत आलेला अर्ज आपोआप पुढे जात नाही.

९. शिष्यवृत्ती मुलाच्या खात्यात जमा झाली आणि कॉलेज म्हणतं ती आमची. खरं आहे का?

त्यातला फीचा भाग कॉलेजचा, निर्वाह भत्ता तुमचा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. ती वापरली गेली तर वर्षाअखेरीस बाकी दिसते आणि परीक्षा अर्जाच्या वेळी कटकट होते. पोर्टलवर रकमेची फोड दिसते, तिची प्रत काढून मगच पैसे भरा आणि पावती घ्या.

१०. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळेल का?

नाही, असंच धरून चाला. कॅपचं वाटपपत्र हीच शिष्यवृत्तीची चावी. ‘आधी कोट्यातून घ्या, शिष्यवृत्तीचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेज आणि वर्षानुसार असते. त्यापेक्षा जास्त मागणी, किंवा पावतीविना मागणी, ही कॅपिटेशन फी. १९८७ च्या राज्य कायद्याने ती गुन्हा आहे.

११. प्रवेश रद्द केला. पैसे किती परत मिळतील?

कधी रद्द केला यावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी रद्द केल्यास १०० टक्के (प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के, पण कमाल ५,००० रुपये कापता येतात), १५ पेक्षा कमी दिवस आधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर शून्य. अनामत मात्र पूर्ण परत. आयोग एखाद्या वर्षासाठी याहून सैल मुदत जाहीर करतो, तेव्हा त्या वर्षाचं परिपत्रक पाहा. कॅपमधल्या प्रवेशाला सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेतली तारीख लागू होते.

रद्द करण्याचा अर्ज तोंडी नको. ऑनलाइन केलात तर पोचपावती जपा, हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. सगळी गणितं त्या तारखेवर आहेत.

मूळ कागद अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही कॉलेजला नाही. पडताळून लगेच परत द्यायचे, असं त्याच नियमात आहे.

१२. फी परवडते, पुण्यात राहणं परवडत नाही. काय करता येईल?

हा प्रश्न फीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. अनुदानित बी.ए.ची वर्षाची फी आणि कोथरूडमधलं कॉट बेसिसचं एका महिन्याचं भाडं शेजारी ठेवून बघा.

पहिलं दार शासकीय वसतिगृहाचं. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची वसतिगृहं शहरात आहेत, विश्रांतवाडीत मोठं संकुल आहे. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: पुण्यासाठी वर्षाला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००, एकूण ६०,००० रुपये, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. खुल्या आणि मराठा विद्यार्थ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. या रकमा उशिरा येतात, अनेकदा वर्ष सरत आल्यावर. पहिल्या पाच-सहा महिन्यांची सोय घरातून करावी लागते, हे धरूनच या.

दुसरं दार सामाजिक संस्थांचं. शिवाजीनगरची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींना कमी खर्चात ठेवते. मुलाखत होते, घरची परिस्थिती तपासतात आणि रोजची कामं वाटून करावी लागतात.

तिसरं, विद्यापीठाची आणि कॉलेजांची कमवा व शिका योजना. ग्रंथालय, कार्यालय, बाग यांत दिवसाचे काही तास काम. त्यातून मेसचा खर्च सुटतो, भाडं नाही. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे द्या.

खाजगी मेस लावताना महिन्याच्या दरात सुट्ट्या धरल्या आहेत का ते विचारा. पुण्यात रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, म्हणजे महिन्याला चार-पाच जेवणं बाहेर. खोलीसाठी डिपॉझिट आणि एजंटाचं एका महिन्याचं भाडं असा पहिला झटका असतो, तो वार्षिक हिशेबात मांडा.

१३. शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं का?

४ लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा हिस्साही नाही. त्यावर साडेसात लाखांपर्यंत साधारणतः जामीनदार लागतो, त्याहून वर तारण. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. तुमची संस्था यादीत आहे का ते आधी पोर्टलवर पाहा. तिथेच ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि नंतरच्या एका वर्षात, ३ टक्के व्याज सवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही व्याज सवलत मिळत नाही.

शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. ४ लाखांवर १० टक्के म्हणजे वर्षाला ४०,०००. ते तेव्हाच भरत गेलात तर पुढे व्याजावर व्याज चढत नाही. वसतिगृह आणि लॅपटॉपचा खर्चही कर्जात धरता येतो, पण तो पहिल्याच अर्जात लिहावा लागतो.

१४. मध्ये दोन वर्षं गॅप पडला. पुढे सवलत चालू राहते का?

शाहू शिष्यवृत्तीत अभ्यासक्रम सुरू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडला तर हक्क जातो. बारावीनंतर नीटसाठी घेतलेलं वर्ष हा अभ्यासक्रमातला खंड नव्हे, पण त्या वर्षाचं गॅप प्रतिज्ञापत्र मात्र लागतं.

दुसऱ्या वर्षापासूनचा अर्ज नूतनीकरणाचा असतो, नवा नाही. चुकून नवा भरला तर जुना आणि नवा दोन्ही अडकतात. आधीच्या वर्षाची गुणपत्रिका लागते. निकाल रखडला असेल तर मुदत संपण्याआधी कॉलेजकडून लेखी पत्र घेऊन ठेवा.

१५. आम्ही बीदरचे. मुलगी पुण्यात शिकते. महाडीबीटी चालेल का?

बहुधा नाही. महाडीबीटीसाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा, आणि त्यासाठी सहसा १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तुम्ही कर्नाटकच्या योजनेत किंवा राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करा. एआयसीटीई (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर प्रगती शिष्यवृत्ती बघा: वर्षाला ५०,००० रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. मात्र तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही.

१६. नोकरी सोडता येत नाही. स्वस्तात पदवी कुठे?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९), इग्नू, किंवा पुणे विद्यापीठाचं मुक्त अध्ययन केंद्र. तिन्ही सार्वजनिक आणि पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचं नको, कामाजवळचं बघा, कारण संपर्क सत्रं आणि परीक्षा तिथेच असतात. फी भरताना ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच भरा. ‘आमच्या केंद्रात रोख द्या, परीक्षेचं आम्ही पाहतो’ असं सांगणाऱ्या दुकानातून बाहेर पडा.